हुशारांची सोसायटी : पोराला सभासद करावे काय?

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. गट ऑफिसच्या ओट्यावर आम्ही तीन-चार म्हातारे ऊन खात बसलो होतो. तोडीची चौकशी करायला आलेले एक जुने सभासद, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, माझ्याजवळ येऊन टेकले. बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाले, "गुरुजी, एवढं वाचून दावा. नातवाच्या शाळंतनं आलाय."

कागदात लिहिले होते, की आपला पाल्य इयत्ता पाचवीत शिकत असून त्याची आकलनशक्ती असामान्य दिसते. तरी त्याला पुण्यास होणाऱ्या 'मेन्सा' या संस्थेच्या बुद्धिमापन चाचणीस बसवावे, उत्तीर्ण झाल्यास संस्थेचे सभासदत्व मिळू शकेल. मी अर्थ सांगितला, "आबा, ही हुशार लोकांची सोसायटी आहे. परीक्षा पास होईल त्यालाच सभासद करून घेतात."

आबांनी थोडा विचार केला. "सोसायटी? मग शेअर केवड्याचा? आन् कर्ज किती देतीया?"

ओट्यावर हशा पिकला. मीही हसलो. पण घरी जाताना वाटले, यात हसण्यासारखे काय होते? ज्याची हयात सहकारात गेली तो माणूस कोणत्याही सोसायटीबद्दल हेच विचारणार, की सभासद होऊन मिळते काय आणि द्यावे लागते काय. पुढे आणखी दोघा-तिघांनी मला हाच प्रश्न केला. हल्ली शाळाशाळांतून 'गिफ्टेड' हा शब्द फार ऐकू येतो. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

मेन्सा ही संस्था १९४६ साली इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे निघाली. रोलँड बेरिल नावाचे मूळचे ऑस्ट्रेलियाचे बॅरिस्टर आणि डॉ. लान्सलॉट वेअर हे शास्त्रज्ञ व वकील, हे दोघे तिचे संस्थापक. लॅटिन भाषेत 'मेन्सा' म्हणजे मेज. एका मेजाभोवती सगळ्यांनी सारख्या मानाने बसावे अशी कल्पना. आपल्याकडची पंगतच म्हणा ना! जात, धर्म, देश, शिक्षण, पैसा काही विचारायचे नाही. अट एकच : मान्यताप्राप्त बुद्धिमापन चाचणीत शंभरांतल्या पहिल्या दोघांत नंबर लागला पाहिजे. आज जगभरात तिचे दीड लाखाच्या आसपास सभासद आहेत. भारतातील कामाची सुरुवात पुण्यातून झाली आणि त्यामागे ज्ञानप्रबोधिनीच्या मंडळींचा पुढाकार होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

गंमत पाहा. बेरिलसाहेबांच्या मनात बुद्धिमंतांचे एक उमरावमंडळ काढायचे होते. परीक्षा घेऊ लागले तर पुष्कळसे सभासद निघाले गरीब आणि कामकरी घरांतले! साहेब त्यामुळे नाराज झाले म्हणतात. बुद्धी बंगल्यात राहते अशी त्यांची समजूत असावी. दुसरे संस्थापक वेअर यांची तक्रार वेगळी होती. जमलेली मंडळी जगाचे प्रश्न सोडवण्याऐवजी कोडीच सोडवत बसतात, असे ते म्हणत.

ही सोसायटी पुढे वाढवली तीही उमरावाने नव्हे. व्हिक्टर सेरेब्रियाकॉफ त्याचे नाव. वडील रशियन, आई लंडनच्या कामकरी वस्तीतली. लहानपणीच शाळा सुटली, हमाली केली, बेकारी पाहिली. दुसऱ्या महायुद्धात लष्करात भरती झाल्यावर तिथल्या चाचणीत त्याचे गुण पाहून अधिकारी चकित झाले आणि त्याला शिक्षकाचे काम दिले. युद्धानंतर तो लाकडाच्या धंद्यात गेला व लाकडाची प्रत ठरवण्याचे यंत्र त्याने शोधून काढले. १९४९ साली बायकोच्या आग्रहावरून तो मेन्सात आला तेव्हा संस्था मोडकळीस आली होती. त्याने ती देशोदेशी नेली. आता विचार करा, लष्कराच्या त्या चाचणीने एका हमालाला पहिल्यांदाच सांगितले, की बाबा रे, तुझ्यात काही आहे. ज्याला कोणी कधी असे सांगितलेच नाही त्याला त्या कागदाची किंमत फार मोठी. परंतु ज्या पोराला घरात उठताबसता 'आमचा हुशार' म्हटले जाते त्याला त्याच कागदाने काय मिळणार, हा वेगळा प्रश्न आहे.

चाचणी म्हणजे काय तेही थोडे पाहू. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. कशासाठी? हुशारांना निवडून पाटावर बसवण्यासाठी नव्हे. वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि कधी न बदलणारी मोजमापाची वस्तू आहे, हे म्हणणे बिने यांना मुळीच मान्य नव्हते. आपल्या भागात हे काम आणले डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाडला बसून त्यांनी बिने यांच्या चाचणीची कानडी व मराठी आवृत्ती सिद्ध केली. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. ती 'बिने-कामत चाचणी' १९३४ची.

शेतकी खात्याचा माणूस फडात येऊन हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स पाहतो, ते आपण सारे जाणतो. खालच्या कांड्याचा आकडा वेगळा, वरच्याचा वेगळा. ऊस पक्व झाला म्हणजे दोन्ही जवळ येतात. पण ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात विरघळलेले जे जे असेल ते सारे त्या आकड्यात येते. पोत्यात किती साखर पडली ते गाळप झाल्यावरच कळते. दहा वर्षांच्या पोराचा बुद्ध्यंक हा असाच कोवळ्या उसाचा ब्रिक्स आहे. उपयोगी आकडा आहे, खोटा नाही. पण तो उतारा नव्हे.

याचा दाखला अमेरिकेत मिळाला. ल्युइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ सालापासून कॅलिफोर्नियातील दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुले चाचणीने निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेत राहिला. मुले पुष्कळ चांगली निघाली. डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली. पण चाळणीतून खाली पडलेली दोन मुले, शॉक्ले आणि अल्वारेझ, पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक घेऊन गेली. एक १९५६ साली, दुसरा १९६८ साली. चाळणीवर राहिलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळाले नाही. चाळणी म्हटली की असे व्हायचेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सभासद होऊन पोराला मिळते काय?

प्रथम जे मिळत नाही ते सांगतो, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. मेन्साच्या कार्डाने दहावीला एक गुण वाढत नाही, कोठे प्रवेश राखीव होत नाही, वसतिगृहात जागा मिळत नाही. ज्यातून पदरात काही पडते त्या परीक्षा वेगळ्या. आठवीला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे त्यांच्या मुलांसाठी ती आहे आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. नवोदय विद्यालयाची परीक्षा पाचवीतल्या मुलांना देता येते; तेथे निदान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. देशातली पहिली दोन नवोदये १९८५-८६ मध्ये निघाली, त्यांतले एक आपल्या अमरावतीला. आपल्या कार्यक्षेत्रात या दोन परीक्षांचे अर्ज वेळेवर न भरल्याने दरवर्षी कितीतरी मुले राहतात. तिकडे दुर्लक्ष करून मेन्सामागे धावणे म्हणजे पाटाचे पाणी सोडून ढगाकडे पाहण्यासारखे आहे. (आणि ते डोळ्यांना पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवणारे 'मेंदू जागृती'चे क्लास? त्यांना तर दारातही उभे करू नका. ती निव्वळ हातचलाखी आहे.)

मिळते ते एकच, पण ते कमी समजू नका. सोबत मिळते. लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन बाईंनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात फार वरच्या बुद्धीच्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले, की ही मुले बहुधा एकटी पडतात. ती खेळात एवढे नियम घालतात, की बरोबरीची पोरे कंटाळून निघून जातात. मोठ्यांत बसावे तर मोठी माणसे हुसकून लावतात. मग पोरगे घुमे होते, नाहीतर शिष्ट. सारख्या समजेचे एक जरी सवंगडी मिळाले तरी पुष्कळ फरक पडतो. आपल्या वाडीवस्तीवर असे पोर असले तर त्याचे हाल जास्त. वर्ग चालू असताना ते खिडकीबाहेर बघत बसते, कारण गुरुजी सांगतात ते त्याला केव्हाच समजलेले असते. आम्ही त्याला 'लक्ष नाही' म्हणून छडी देत होतो, ही शिक्षक म्हणून माझी कबुली.

दुसरी गोष्ट खाद्याची. ज्युलियन स्टॅनली नावाच्या प्राध्यापकांनी अमेरिकेत १९७१ साली गणितात असामान्य गती असलेली बारा-तेरा वर्षांची मुले हुडकली. पण नुसती यादी करून ठेवली नाही, त्यांना लगेच वरचे गणित शिकवायला लावले. त्या मुलांचे पुढे फार चांगले झाले. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू केली त्यातही हाच विचार होता. मुले चाचणीने निवडायची, पण निवडल्यावर त्यांच्याकडून दुप्पट काम घ्यायचे, खेड्यात न्यायचे, आणि ही बुद्धी समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे हे त्यांच्या मनावर ठसवायचे. निवड ही पेरणी झाली. पेरणी करून कोणी घरी जाऊन झोपतो काय?

आता द्यावे काय लागते ते. येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचा मुलगा होता. दोन आकडी संख्यांचा गुणाकार तोंडी करायचा. मला त्याचे एवढे कौतुक, की साहेब तपासणीला आले की त्याला उभा करायचो. कोणी पाहुणे आले, केले उभे! पोरगे बरोबर उत्तर द्यायचे आणि मी मिशीवर हात फिरवायचो. स्नेहसंमेलनात त्याला व्यासपीठावर चढवले, पुढे सारा गाव. कोणीतरी तीन आकडी गुणाकार घातला. उत्तर चुकले. लोक हसले, वाईट हेतूने नव्हे, आपले गावाचे हसणे. त्या दिवसापासून त्या मुलाने वर्गात हात वर केला नाही. सोपे उदाहरणसुद्धा "येत नाही" म्हणायचा. पुढे आयटीआय करून तो चांगल्या नोकरीला लागला, त्याचे वाईट काही झाले नाही. पण गणित सुटले ते सुटलेच. अजून भेटला की वाकून पाया पडतो, आणि मला ते सहन होत नाही.

असे का झाले ते मला फार उशिरा उमगले. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन संशोधक बाईंनी आपल्या पाचवीएवढ्या मुलांवर प्रयोग केले होते. साऱ्यांना आधी सोपी कोडी दिली. काहींना म्हटले, "तू हुशार आहेस." काहींना म्हटले, "तू मेहनत घेतलीस." मग अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडले. नंतर पुन्हा सोपी दिली. 'हुशार' म्हटलेल्या मुलांचे काम पहिल्यापेक्षा खाली आले, मेहनतीचे कौतुक झालेल्यांचे वर गेले. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवा म्हटल्यावर 'हुशार' गटातली कितीतरी जास्त मुले खोटे गुण लिहू लागली! कारण सरळ आहे. हुशार हे एकदा नाव पडले की पोराला ते सांभाळावे लागते. अवघडाला हात घालून नाव घालवण्यापेक्षा सोपेच बरे, असे त्याला वाटते.

तेव्हा ज्या घरात मेन्साचे पत्र चौकट करून बैठकीत लावणार, पाव्हण्यारावळ्यांना दाखवणार, गावात फ्लेक्स लागणार, त्या घराने पोराला या सोसायटीत मुळीच घालू नये. शेअरची रक्कम पोरालाच भरावी लागते, ती अशी.

कोणी म्हणतात, अतिहुशार मुले पुढे वेडसर होतात, म्हणून हे नकोच. त्यातही तथ्य नाही. अमेरिकेतील मेन्साच्या सभासदांच्या पाहणीत काळजी, उदासी यांचे प्रमाण जास्त दिसले होते खरे. परंतु ती पाहणी जे सभासद झाले त्यांचीच. ज्यांना सोबत शोधावीशी वाटली, कदाचित एकटेपण जाणवले, तेच तिथे गेलेले असणार. पुढे २०२२ साली ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक सर्वसाधारण लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा वरच्या बुद्धीच्या माणसांत मनाचे आजार इतरांहून जास्त आढळले नाहीत. आजाराच्या भीतीने पोराची हुशारी दडपू नका.

आणखी एक हिशेब मांडतो, तो मला जास्त अस्वस्थ करतो. शंभरांत दोन म्हणजे पन्नासांत एक. समजा, एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील शाळांत तीस हजार मुले शिकतात. सरासरीने त्यांतली सहाशे या सोसायटीच्या लायकीची निघतील. त्यांपैकी किती जणांच्या घरी असे पत्र येते? आबांच्या नातवाला आले, कारण त्याच्या वर्गशिक्षिका जागरूक होत्या. बाकीच्यांचे काय? मुलींचे काय? मेन्साच्या पुण्यातील मंडळींनी आदिवासी भागातील मुलांची चाचणी घेऊन त्यांना पुढे शिकवण्याचा उपक्रम केला, तेव्हा आश्रमशाळांतून तशी मुले निघालीच. शोधली म्हणून निघाली.

लांब कशाला? कारखान्याच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तेथे गेल्या हंगामात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाहिली. कडेवर धाकटा भाऊ. आई-बाप पहाटे फडात जातात, ही कोपी सांभाळते. मुकादमाची उचल किती, आजवर टनेज किती झाले, किती फिटले, किती राहिले, सारे तोंडपाठ; आणि रोज किती टन तोडले तर पट्टा पडेपर्यंत बाकी फिटेल हा हिशेब तिने माझ्यासमोर बोटांवर केला. मी घरी येऊन कागदावर मांडला, बरोबर होता. शाळा? "गावाकडं हाय नाव. हिकडं आलं की बुडती." वर्षातले पाच-सहा महिने ती इकडेच असते. तिला कोण पत्र पाठवणार!

आबांना मी काय सांगितले? म्हटले, "आबा, कर्ज मिळत नाही आणि डिव्हिडंडही नाही. पण पोरगं एकटं पडतंय का ते बघा. पडत असेल तर न्या. निकाल काय लागला ते मात्र गावात सांगायचं नाही. आणि नापास झालं तर त्याला चकार शब्द बोलायचा नाही, हे आधी ठरवून मग अर्ज भरा."

आबा म्हणाले, "एकटं म्हंजे? दिवसभर भिताडाला टेकून कॅलिंडर वाचत बसतंय. तारीख सांगा, वार सांगतंय. पोरं त्याला चिडिवत्यात."

मग आम्ही तिघे एस.टी.ने पुण्याला गेलो. पोरगे आत, आम्ही बाहेर झाडाखाली. पेपर आकृत्यांचा होता, असे त्याने आल्यावर सांगितले. सोपा की अवघड ते सांगितले नाही. त्याला भलतीच घाई होती. आत शेजारी चिंचवडचा एक मुलगा बसला होता, त्यालाही तारखांचे वेड! दोघे पायरीवर बसले ते उठेनात. एकाने सन सांगायचा, दुसऱ्याने वार. मधेच लीप वर्षावरून भांडण. आबांची परतीची गाडी चुकली, पुढची तासाने होती, तरी म्हातारा एका शब्दाने रागावला नाही. लांबून बघत राहिला. नंतर मला म्हणाला, "गुरुजी, ह्याला एवढं बोलताना मी पयल्यांदा बगतोय."

निकाल पुढे आला. काय आला ते आबांनी कोणाला सांगितले नाही, मी विचारले नाही. रोज रात्री जेवणे झाली की आबांच्या मोबाईलवर चिंचवडहून तारखा येतात.

त्यानंतर शनिवारी दुपारी आमच्या वाचनालयात बुद्धिबळाचे चार पट आणि कोड्यांची थोडी पुस्तके मांडायला सुरुवात केली. परीक्षा नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. सभासदांनी मुले-मुली पाठवावीत. चिटबॉय मंडळींना विनंती, की कोप्यांवरची मुलेही येता-जाता घेऊन यावीत. ती हिशेब करणारी मुलगी भावाला कडेवर घेऊन सहा शनिवार आली. पट्टा पडल्यावर गावी जाताना गणिताच्या कोड्यांचे एक पुस्तक मागून घेऊन गेली. रजिस्टरला परतीच्या तारखेच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'दसरा'.